भाला कुणाचा? टोकियो, पानिपत आणि पुणे

आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. ज्यांना एसटीत, शेतात किंवा ऑफिसच्या कॅबमध्ये ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी.

7 ऑगस्ट 2021. शनिवार होता. तेव्हा माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि मी गावी, म्हणजे बावड्यात होतो. इंदापूर तालुक्यातलं बावडा. तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाताना आमच्या गावावरून जाते, त्यामुळे वारकऱ्यांना आमचं गाव माहीत असतं. बाकीच्यांना अकलूजच्या अलीकडे असं सांगावं लागतं.

त्या दिवशी दुपारी साडेचारच्या पुढे आमच्या ओट्यावर एका मोबाईलभोवती सात-आठ जण बसलेले. नेट मधेच अडकायचं, गोल गोल फिरायचं. टोकियो ऑलिंपिकची पुरुषांची भालाफेक फायनल. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच भालाफेकीतलं काही कळत नव्हतं. आमच्याकडे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. भाला आम्ही शाळेच्या स्पर्धेत एकदा-दोनदा पाहिलेला, तोही बांबूचा. पण नीरज चोप्रानं दुसऱ्या प्रयत्नात भाला फेकला, मागं वळला आणि भाला पडायच्या आधीच हात वर केले. 87.58 मीटर. गोल्ड.

ओट्यावर आरडाओरडा झाला. आणि अर्ध्या तासात गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. तुम्हालाही आला असेल. सारांश असा, की नीरज हा पानिपतचा आहे, तो रोड मराठा समाजातला आहे, 1761 च्या लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या मराठा सैनिकांचा तो वंशज आहे, आणि त्यानं फेकलेला भाला हा मराठ्यांचाच भाला आहे. शेवटी चार भगवे झेंडे.

मी पण फॉरवर्ड केला. लगेच. छाती फुगवून.

मग रात्री झोपताना विचार आला की यातलं खरं किती? आज त्याच प्रश्नावर बोलायचंय.

आधी फायनलबद्दल

मेसेजच्या भानगडीत त्या दिवशी मैदानावर नेमकं काय झालं ते बाजूलाच राहिलं.

त्या फायनलमध्ये जर्मनीचा योहानेस वेटर होता. त्यानं 2020 मध्ये 97.76 मीटर भाला फेकला होता. आजच्या प्रकारच्या भाल्याची ती जगातली दुसरी सर्वांत लांब फेक. सगळे म्हणत होते की गोल्ड त्याचंच. त्या फायनलमध्ये प्रत्येकाला आधी तीन प्रयत्न मिळाले, त्यातले पहिले आठ पुढच्या तीन प्रयत्नांसाठी राहिले. वेटर 82.52 वर अडकला, नववा आला आणि बाहेर पडला.

नीरजचा पहिला प्रयत्न 87.03, दुसरा 87.58. बाकीच्या चार प्रयत्नांत तो याच्या पुढे गेला नाही, पण गरजच पडली नाही. चेक प्रजासत्ताकाचा याकुब वाडलेच 86.67 वर दुसरा, त्याच देशाचा वितेझ्लाव वेसेली 85.44 वर तिसरा. पाकिस्तानचा अर्शद नदीम 84.62 वर पाचवा. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अॅथलेटिक्समध्ये स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिंपिक मेडल. मिल्खासिंग 1960 ला चौथे, पी. टी. उषा 1984 ला चौथ्या. एवढ्या वर्षांनी दार उघडलं, आणि ते उघडलं पानिपत जिल्ह्यातल्या खांद्रा गावच्या तेवीस वर्षांच्या पोरानं.

आपल्या भाषेत पानिपत म्हणजे काय? मॅच हरलो की ‘पानिपत झालं’, निवडणुकीत डिपॉझिट गेलं की ‘पानिपत झालं’. मराठीत या गावाच्या नावाचा अर्थच पराभव झालाय. त्या गावाकडून गोल्ड आलं म्हटल्यावर मराठी माणूस हळवा होणारच. तो मेसेज इतका पळाला त्याचं कारण हे आहे, असं मला वाटतं.

रोड मराठा: दावा आणि पुरावा

14 जानेवारी 1761. सदाशिवरावभाऊंचं सैन्य आणि अहमदशहा अब्दालीचं सैन्य. एका दिवसात हजारो माणसं कापली गेली. विश्वासराव गेले, भाऊ गेले. जे वाचले त्यातले काही लपतछपत दक्षिणेत परत आले, काही गुलाम म्हणून नेले गेले.

मग काही जण तिथंच, आजच्या हरियाणात राहिले असतील का? राहिले असतीलच. एवढ्या मोठ्या फौजेतले सगळेच्या सगळे एक तर मेले किंवा घरी पोचले, असं होत नाही. प्रश्न वेगळा आहे. आजचा अख्खा रोड समाज, जो पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागात शेती करतो, तो या सैनिकांचा वंशज आहे का?

हा विचार महाराष्ट्रात पसरला तो प्रामुख्यानं गेल्या काही दशकांत. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक डॉ. वसंतराव मोरे यांनी तो जोरात मांडला. हरियाणातल्या रोड समाजातल्या अनेकांनी तो आपलासा केला. तिकडे आज शिवजयंती साजरी होते, पानिपतच्या युद्धस्मारकावर 14 जानेवारीला लोक जमतात, आडनावापुढे ‘मराठा’ लावणारी माणसं आहेत. इकडून गेलेल्या लोकांना ते प्रेमानं घरात घेतात. हे सगळं खरं आहे आणि त्याची टिंगल करायचं काही कारण नाही.

पण दुसरी बाजूही बघा. 1881 च्या पंजाबच्या जनगणनेच्या अहवालात डेन्झिल इबेटसन या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथल्या जातींबद्दल लिहिलंय. त्यात रोड लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या परंपरा आहेत. आपण मुळचे रजपूत आणि झज्जरजवळच्या बादली गावाकडून इकडे आलो, अशी ती परंपरा. आता 1881 म्हणजे पानिपतनंतर फक्त 120 वर्षं. पणजोबाची गोष्ट आठवायला एवढा काळ फार नाही.

आणि 2018 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ह्युमन जेनेटिक्समध्ये वायव्य भारतातल्या समाजांच्या जनुकांवर एक अभ्यास आला. त्यात रोड समाज वेगळा उठून दिसला. कशामुळे? तर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून कांस्ययुगात आलेल्या लोकांचा अंश त्यांच्यात आसपासच्या समाजांपेक्षा जास्त आढळला. म्हणजे त्यांची मुळं त्या मातीत हजारो वर्षं जुनी दिसतात. अडीचशे वर्षांपूर्वी दख्खनमधून आलेल्या लोकांचं असं चित्र दिसणार नाही.

मग मेसेज खोटा? मी असं म्हणेन की ‘अख्खा समाज पानिपतच्या सैनिकांचा वंशज’ हे विधान पुराव्यावर उभं राहत नाही. काही मराठी घरं त्या समाजात मिसळली असतील, हे शक्य आहे. आणि आज एखादा माणूस स्वतःला मराठा म्हणवतो, ती त्याची ओळख आहे. ती काढून घ्यायला प्रयोगशाळेला कुणी बोलावलेलं नाही. पण ‘ओळख’ आणि ‘वंशावळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरवर्ड करताना मी त्या एक केल्या.

मराठ्यांचा भाला फेकायचा नव्हता

मेसेजमधला दुसरा मुद्दा भाल्याचा. इथं तर गंमतच आहे.

घोडेस्वाराचा भाला हा लांब असतो आणि तो हातातून सोडायचा नसतो. घोड्याच्या वेगासकट तो खुपसायचा असतो. तो फेकला तर पुढच्या क्षणी तुम्ही निःशस्त्र. फेकायचं हत्यार वेगळं होतं. त्यातलं सर्वांत हुशार म्हणजे विटा. विटा म्हणजे मागं दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि दोरीला हिसका देऊन परत हातात घ्यायचा. कोल्हापूरला मर्दानी खेळाच्या आखाड्यात आजही बघायला मिळतो.

ऑलिंपिकचा भाला या दोन्हींच्या नात्यातला नाही. तो आला उत्तर युरोपातून. स्वीडन आणि फिनलंडमध्ये हा खेळ आधीपासून रुजला होता, 1908 मध्ये तो ऑलिंपिकमध्ये आला. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तर पहिले चारही जण फिनलंडचे होते.

पुरुषांच्या भाल्याचं वजन किमान 800 ग्रॅम, लांबी 2.60 ते 2.70 मीटर. खांद्यावरूनच फेकायचा, गोल फिरून फेकायचा नाही. पडताना टोक आधी टेकलं पाहिजे. रुतलाच पाहिजे असं नाही.

आता माझ्यातला इंजिनिअर थोडा जागा होतो, सांभाळून घ्या. 1984 मध्ये पूर्व बर्लिनला उवे होन नावाच्या पठ्ठ्यानं भाला 104.80 मीटर फेकला. शंभरच्या वर जाणारा तो एकटाच. आयोजकांचं धाबं दणाणलं. स्टेडियमचं मैदान केवढं? उद्या भाला पलीकडच्या ट्रॅकवर पळणाऱ्याच्या पाठीत घुसेल. शिवाय जुना भाला विमानासारखा तरंगत यायचा आणि आडवा पडायचा, मग टोक आधी लागलं की नाही यावरून भांडणं.

मग त्यांनी काय केलं? 1986 पासून भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. बस, एवढंच. नाक जड झालं, भाला लवकर खाली वळायला लागला, अंतर कमी झालं. कोडमध्ये एक व्हॅल्यू बदलावी आणि अख्ख्या सिस्टीमचं वागणं बदलावं, तसं. पुढे काही उत्पादकांनी शेपटाकडचा भाग खरखरीत करून अंतर परत वाढवलं. 1991 मध्ये त्यावरही बंदी आली आणि त्या भाल्यांवरचे विक्रम पुसून टाकले. आजचा विक्रम चेक खेळाडू यान झेलेझ्नीचा, 98.48 मीटर, 1996 सालचा. अजून तुटलेला नाही.

हा इतिहास का सांगितला? कारण ज्या उवे होनमुळे भाला बदलला, तो पुढे नीरजचा कोच होता. त्यानंतर आले क्लाउस बार्टोनिट्झ, तेही जर्मन, बायोमेकॅनिक्सचे तज्ज्ञ. आणि पुढे स्वतः यान झेलेझ्नी. म्हणजे वंशावळच काढायची तर या भाल्याची काढू. ती फिनलंड, जर्मनी, चेक अशी जाते.

मग आपलं काहीच नाही?

आहे. आणि यासाठीच मी हा एपिसोड केला.

नीरज तेरा वर्षांचा असताना वजन कमी करायला म्हणून घरच्यांनी त्याला पानिपतच्या स्टेडियमवर पाठवलं. तिथं त्यानं पहिल्यांदा भाला हातात घेतला. त्या स्टेडियमचं नाव माहितीये? शिवाजी स्टेडियम. मेसेज लिहिणाऱ्याला हे सापडलं असतं तर त्यानं आणखी चार झेंडे टाकले असते. पण नावापेक्षा महत्त्वाचं हे, की तिथं मैदान होतं, भाला होता आणि जयवीरसारखा वयानं मोठा भालाफेकपटू त्याला शिकवायला तयार होता.

2016 मध्ये पोलंडच्या बिडगोश्चला त्यानं वीस वर्षांखालच्या गटात 86.48 मीटरचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी तो राजपुताना रायफल्समध्ये नायब सुभेदार झाला आणि लष्कराच्या मिशन ऑलिंपिक्समध्ये, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटशी जोडला गेला. ही संस्था 2001 मध्ये सुरू झाली. टोकियोनंतर ऑगस्ट 2021 मध्येच पुणे छावणीतल्या तिथल्या स्टेडियमला नीरज चोप्राचं नाव दिलं गेलं. आपण स्वारगेटला एसटीतून उतरतो, तिथून फार लांब नाही ते.

या पुण्याच्या धाग्यात एक नाव आहे, काशिनाथ नाईक. कर्नाटकातल्या शिरसीकडचा माणूस, लष्करात भरती झालेला. 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थ स्पर्धेत त्यांनी 74.29 मीटर भाला फेकून ब्राँझ घेतलं. तेव्हा नीरज बारा वर्षांचा होता. पुढे नाईक कोच झाले आणि राष्ट्रीय शिबिरात नीरज सुरुवातीला त्यांच्याकडे शिकला. टोकियोनंतर कर्नाटक सरकारनं त्यांना दहा लाखांचं बक्षीस जाहीर केलं, तर वाद उभा राहिला. फेडरेशनच्या वरच्या पातळीवरून असा कोणी कोच आपल्याला ठाऊक नाही, अशा अर्थाचं बोललं गेलं. बिचाऱ्या नाईकांना आपण त्याला शिकवलंय हे दाखवत बसावं लागलं.

बघा, 260 वर्षांपूर्वीचा न दिसणारा धागा आपण दोन मिनिटांत मान्य केला. आणि पाच वर्षांपूर्वी मैदानावर उभं राहून शिकवणाऱ्या माणसाला पुरावा द्यावा लागला.

आणखी एक. मे 2019 मध्ये नीरजच्या उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं. भालाफेकपटूचं कोपर म्हणजे त्याचं सगळंच. कुठं झालं ते? मुंबईत, डॉ. दिनशॉ पारडीवालांनी केलं. आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारी 2020 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत त्यानं 87.86 फेकून टोकियोचं तिकीट मिळवलं. त्या गोल्डमध्ये महाराष्ट्राचा वाटा शोधायचा असेल तर तो इथं आहे.

ज्यांच्यासाठी मेसेज आला नाही

शेवटच्या भागात थोडं कडू बोलतो.

1920 मध्ये भारतातून पहिला संघ ऑलिंपिकला गेला तो पुण्यातून ठरला. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं बघून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, मेडल थोडक्यात हुकलं. यांचे मेसेज कधी आलेत तुम्हाला?

आपल्या मातीतला माणूस जागतिक स्पर्धेत भाला घेऊन उतरला होता, तोही 1972 मध्ये. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी गोल्ड जिंकलं, जागतिक विक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं गोल्ड. आणि त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते, फायनलपर्यंत गेले होते. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. माझ्या वयाच्या बहुतेकांना ते कळले 2024 च्या ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळे.

आणि अगदी त्याच टोकियोत, नीरजच्या गोल्डच्या आठ दिवस आधी, 30 जुलै 2021 ला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस पळाला. 8 मिनिटं 18.12 सेकंद. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी फायनल हुकली. दुष्काळी भागातला, शाळेला पायी-पळत जाणारा, वंशावळ तपासायची गरज नसलेला आपला पोरगा. आमच्या गावच्या ग्रुपवर त्या दिवशी एकही मेसेज नव्हता. मी मागं जाऊन तपासलंय. आणि मीही टाकला नव्हता.

यात कुणाला दोष देत नाही, स्वतःलाच विचारतोय. रक्ताचा अभिमान फुकट असतो. त्याला मैदान लागत नाही, कोचचा पगार लागत नाही, पहाटे उठावं लागत नाही. आमच्या बावड्यात आज एखाद्या पोराला भाला फेकायचा असेल तर मोकळी जागा मिळेल, ऊस तुटल्यावर वावरच वावर आहे. पण बरोबर वजनाचा भाला आणि कोपर न मोडता तो फेकायला शिकवणारा माणूस त्याला कुठं मिळणार? खांद्राच्या पोराला ते जवळच्या शहरात मिळालं. एवढाच फरक आहे, आणि तो 1761 सालचा नाही.

आता अर्शद नदीम. पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या मियाँ चन्नूचा. 8 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्यानं 92.97 मीटरचा ऑलिंपिक विक्रम करून गोल्ड घेतलं. नीरज 89.45 वर दुसरा. त्या रात्री खांद्रा गावात पत्रकारांनी नीरजच्या आईला, सरोजदेवींना विचारलं. त्या म्हणाल्या की ज्यानं गोल्ड जिंकलं तोही आपलाच मुलगा आहे, त्यानंही मेहनत केलीय.

पानिपतच्या रणांगणापासून काही मैलांवर राहणारी ती बाई. तिनं ‘आपला’ हा शब्द वापरताना कुणाचा खापरपणजोबा कुठल्या बाजूनं लढला हे विचारलं नाही. मेहनत बघितली.

मी माझा 2021 चा तो फॉरवर्ड काही डिलीट केलेला नाही, तो तसाच आहे. फक्त त्याखाली गेल्या आठवड्यात साबळेच्या शर्यतीचा व्हिडिओ टाकला. गावातल्या एका चुलत्यांनी विचारलं, “हा कोण रं?”

म्हटलं, “आपलाच हाय, तात्या. बीडचा.”

भेटूया पुढच्या एपिसोडला. तुमच्या गावात भाला, गोळा, थाळी शिकवणारं कुणी असेल तर मला नक्की कळवा. त्यांच्यावर एपिसोड करायला मला आवडेल.